रिपीटर

वटपौर्णिमा शुक्रवारी झाली होती, आणि रविवारी दुपारी ताईच्या घरी, अहमदपूरला, जेवणं उरकून सगळे आडवे झाले होते. पाऊस येतो येतो म्हणत नुसता दम कोंडून बसला होता. भाचा लातूरहून दोन दिवसांसाठी आलेला. बारावीचं वर्ष, नीटची, म्हणजे मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेची तयारी, त्यामुळे घरी आला तरी तो पाहुण्यासारखाच असतो. त्याच्या ताटात आपोआप दुसरी पोळी पडते आणि त्याच्यासमोर कुणी मोठ्याने बोलत नाही. दिवाणावर भिंतीकडे पाठ करून तो मोबाईल बघत होता. मी डोकावलो तर ‘कोटा फॅक्टरी’चा तिसरा सीझन, राजस्थानातल्या कोट्यात आयआयटीच्या क्लासला आलेल्या पोरांची ती मालिका. गुरुवारीच आला होता, २०२४ च्या २० जूनला. मला बरं वाटलं, म्हटलं चला, आता मामा-भाचे मिळून बघू. पण त्याने थेट पाचवा भाग काढला होता, शेवटचा. त्यातही पंधरा मिनिटांत तो संपवला, कारण बोट पडद्यावरून सारखं पुढे सरकत होतं. मग त्याने कानातलं काढलं, वायर गुंडाळली आणि म्हणाला, “मीनाचा लागला. वैभवचा नाही लागला.” (ज्यांनी अजून पाहिलं नसेल त्यांनी माफ करावं; मलाही असंच कळलं.) मी म्हटलं, “अरे, मग आधीचे चार भाग?” तर तो कूस बदलत म्हणाला, “त्यात काय बघायचं मामा? कळलं की.”

कळलं की.

हे दोन शब्द त्या दिवशी संध्याकाळपर्यंत माझ्या मागे लागले. खरं तर त्यात वावगं काहीच नव्हतं. आमच्याकडे सगळ्याच गोष्टी शेवटाकडून वाचतात. लातूरला शिकणाऱ्या पोराबद्दल नातेवाईक एकच प्रश्न विचारतात: लागला का? कुठं लागला? ‘नंबर लागणे’ हा आमच्याकडचा पूर्ण विरामाचा शब्द आहे. त्याच्या आधीची दोन-तीन वर्षं कुणाला ऐकायची नसतात. मग भाच्याने मालिका त्याच पद्धतीने बघितली तर त्याचं काय चुकलं? तरी मला राग आला होता, आणि तो भाच्यावर नव्हता एवढं कळत होतं.

पहिला सीझन आला तो २०१९ चा एप्रिल. मी तेव्हा पुण्यात, औषधांच्या नमुन्यांची बॅग घेऊन दवाखान्यांच्या बाहेर बसणारा माणूस. डॉक्टर आत बोलावेपर्यंत तास तास जातो, आणि त्या तासांत मी यूट्यूबवर पाचही भाग बघून टाकले. काळंपांढरं चित्र, इटारसीहून आलेला वैभव, उशिरा प्रवेश म्हणून ए-१० बॅच, आणि ‘सर’ न म्हणवून घेता ‘भैया’ म्हणवून घेणारा तो फिजिक्सचा मास्तर. इनऑरगॅनिक केमिस्ट्रीवर जीतू भैया जे काही सुनावतो, ते ऐकून मी दवाखान्याच्या बाकावर एकटाच हसलो आणि शेजारच्या बाईंनी मूल उचलून दुसऱ्या बाकावर नेलं. आणि श्रेयनामावलीत मयूर मोरे हे नाव वाचून तर उगाच आपलं कुणी लागल्यासारखं वाटलं. आपल्या ओळखीच्या जागेवर कुणी कॅमेरा लावला की कसं होतं, तसं झालं होतं. कोटा मी आजवर पाहिलेलं नाही. पण त्या खोल्या, ते टेबल, भिंतीवर चिकटवलेला सूत्रांचा कागद, मेसच्या पोळीची ती चिवट कड, हे सगळं माझं होतं. फक्त चंबळ नदीच्या जागी आमच्याकडे टँकर होता.

पहिल्या सीझनला नवलाई असते, जशी पहिल्या वर्षाला असते. मला आठवतं, मी लातूरला शिकायला आलो तेव्हा वडील आणि मी तिथल्या गंजगोलाईच्या बाजारात बादली, मग, कुलूप आणि गादी घ्यायला गेलो होतो. वडिलांनी कुलूप तीन दुकानांत पाहिलं. प्रत्येक ठिकाणी ते बंद करायचे, ओढून बघायचे, परत उघडायचे. खोलीत चोरी होण्यासारखं काहीही नव्हतं, पण ते कुलूप त्यांनी पोरीसाठी स्थळ बघावं तसं निवडलं. गादी डोक्यावर घेऊन मी ट्यूशन एरियातून चालत गेलो, आणि दोन्ही बाजूंच्या बोर्डांवरचे फोटो, त्याखालचे मार्क, ग्रुपिंगचे, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजीच्या बेरजेचे आकडे वाचत गेलो. पुढच्या वर्षी माझा फोटो कुठल्या बोर्डावर येईल, हेसुद्धा मी मनात ठरवून टाकलं होतं. डाव्या हाताला, झेरॉक्सच्या दुकानावर. तिथे तेव्हा एका मुलीचा फोटो होता, दोन वेण्या घातलेला.

दुसऱ्या सीझनलाही काहीतरी घडवायला वाव असतो. २०२१ च्या सप्टेंबरात तो नेटफ्लिक्सवर आला, तेव्हा जीतू भैयाने स्वतःचा क्लास काढला होता, वैभव आजारी पडतो आणि आई येऊन राहते, आणि शेवटी ती एका विद्यार्थिनीच्या आत्महत्येची बातमी येते, जिच्यानंतर पडदा काळा झाला तरी आपण मोबाईल खाली ठेवत नाही. मग तिसऱ्यात उरतं काय? माणसं तीच, गल्ली तीच, पाण्याच्या टाक्या त्याच, परीक्षाही तीच. पोरांना शिकवणारा माणूस आता स्वतः मानसोपचार घेतोय. ऑफिसातली पोरं म्हणाली, दादा, संथ आहे, पहिल्याची मजा नाही. नसणारच.

तिसरा सीझन म्हणजे रिपीटरची, तीच परीक्षा पुन्हा देणाऱ्यांची बॅच.

ज्यांनी रिपीट केलं नाही त्यांना वाटतं, की नापास होणं हे त्यातलं दुःख आहे. तसं नाही. पहिली गोष्ट म्हणजे मी नापास झालो नव्हतो, २००३ ला मला बारावीला चांगले मार्क होते. सीईटीला, म्हणजे तेव्हाच्या मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेला कमी पडले, एवढंच. दुःख काय असेल तर त्या वर्षात नवीन असं काहीच नसतं. फिजिक्सचे सर प्रकाशाच्या धड्यात, भिंगाची आकृती काढून झाली की, एक विनोद करायचे. सासूबाईंच्या चष्म्याचा. पहिल्या वर्षी आम्ही हसून हसून बाक वाजवले होते. दुसऱ्या वर्षी सरांनी आकृती पूर्ण केली, खडू खाली ठेवला, हात झटकले, आणि मला कळलं की आता तो येणार. आला. समोरच्या बॅचमधली नवी पोरं हसली. मागच्या बाकांवर आम्ही सात-आठ जण रिपीटर होतो. आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही. सरांनी मात्र हसता हसता एकदा मागे बघितलं आणि पुढचं वाक्य जरा घाईने बोलले. त्यांनाही आम्ही तिथे असण्याचा त्रास होत असणार. एकाच माणसाला तोच विनोद दुसऱ्यांदा सांगणं कुणाला आवडतं?

पुस्तकंही तीच. बायोलॉजीच्या पुस्तकात मीच पेन्सिलने केलेल्या खुणा होत्या, ‘इंपॉर्टंट’, ‘हे येणारच’, आणि एका पानाच्या कोपऱ्यात माझ्याच अक्षरात, ‘फक्त ४० दिवस’. हे चाळीस दिवस कधीच संपून गेले होते. खोडरबराने ते पुसावं का, यावर मी एक अख्खी संध्याकाळ घालवली. मेसच्या आजी म्हणाल्या, “आलास का रं बाबा परत,” आणि त्यात टोमणा शोधूनही सापडेना. त्यांनी नेहमीसारखी भाजी वाढली. घरमालकीणबाईंनी मात्र भाडं पन्नास रुपयांनी वाढवलं. जुनं गिऱ्हाईक कुठं जाणार, हा त्यांचा हिशोब बरोबर होता.

आणि पार्टनर. लातूरला खोलीतल्या जोडीदाराला नाव नसतं, तो ‘पार्टनर’ असतो. माझा पार्टनर बीडच्या बाजूचा, माझ्यापेक्षा दोन इंच बुटका आणि झोपेत केमिस्ट्रीच्या अभिक्रिया बडबडणारा. आमचं एकच टेबल होतं, म्हणून रात्री दहा ते एक तो बसायचा आणि एक ते चार मी. टेबल बदलताना तो खुर्ची गरम आहे म्हणून मला दोन मिनिटं उभं राहू द्यायचा. त्याचा नंबर लागला. सरकारी, एमबीबीएस. मला आनंद झाला होता का? झाला होता, हे शपथेवर सांगतो, साधारण दहा सेकंद. त्यानंतर जे झालं त्याला मराठीत शब्द असेल तर मला सापडलेला नाही. मत्सर म्हणावा तर त्याचं वाईट व्हावं असं एकदाही वाटलं नाही.

तो दिवाळीच्या आधी खोलीवर आला. कॉलेजातून सुट्टीला घरी जाताना मुद्दाम वाट वाकडी करून. मी गॅलरीतून त्याला येताना पाहिलं. अंगात नवा शर्ट, हातात मिठाईचा पुडा, आणि चाल थोडी बदललेली. मी मोरीत गेलो आणि आतून कडी लावली. नळ सोडायचा तर आठवडाभर पुरवायचं पाणी बादलीत होतं, नळ कोरडा. म्हणून हातातला मग बादलीवर उगाच आपटत राहिलो, आंघोळ चालल्याचं भासवत. बाहेरून तो म्हणाला, “पार्टनर, आलो बघ.” मी म्हणालो, “वेळ लागेल.” तो म्हणाला, “बसतो.” मी मग आपटत होतो. किती वेळ गेला माहीत नाही. अर्धा तास तरी. मग नव्या पार्टनरचा आवाज, मग खुर्चीचा, मग जिन्यावर चपलांचा. बाहेर आलो तेव्हा मी कोरडा होतो, डोक्यापासून पायापर्यंत, आणि नवा पार्टनर एक शब्दही न बोलता पुस्तकात बघत होता. पुडा कॉटवर होता. रात्रीपर्यंत त्याला मुंग्या लागल्या. दोन वाजता टेबलावर बसलो असताना मी मुंग्या फुंकून एक पेढा खाल्ला.

पेढा चांगला होता. दुसराही खाल्ला.

त्या रविवारी संध्याकाळी दाजींनी टीव्ही लावला आणि बातम्यांत लातूर आलं. नीटच्या पेपरफुटीच्या चौकशीत नांदेडच्या एटीएसने, दहशतवादविरोधी पथकाने, लातूरमधल्या शिक्षकांना ताब्यात घेतल्याची बातमी. ४ जूनला निकाल लागला होता, ६७ जणांना ७२० पैकी ७२०. तेव्हापासून सगळा देश त्या आकड्याकडे बघत होता, आणि त्याच रविवारी वाढीव गुणवाल्या १,५६३ जणांची फेरपरीक्षा होती. तेवीस लाखांवर पोरं बसलेली परीक्षा. निवेदिका ‘लातूर कनेक्शन’ असं म्हणत होती, प्रत्येक वेळी त्याच चढत्या सुरात. भाचा पाणी प्यायला बाहेर आला तसं दाजींनी रिमोटने आवाज कमी केला, बंद नाही, नुसता कमी. तो गेल्यावर परत वाढवला. ताई सोप्याच्या कडेवर बसून शेंगा सोलत होती. मागच्या वर्षी आम्ही तिघं त्याची खोली बघायला गेलो होतो तेव्हाची गोष्ट तिने कुणाला सांगितलेली नाही, मी पाहिली म्हणून मला माहीत: खोलीत शिरल्यावर तिने कॉट पाहिली नाही, खिडकी पाहिली नाही, आधी मान वर करून पंखा पाहिला. २०२३ च्या ऑगस्टमध्ये कोट्यात प्रशासनाने पोरांच्या आत्महत्या टळाव्यात म्हणून वसतिगृहांच्या पंख्यांना स्प्रिंग लावायचे आदेश दिले, ती बातमी तेव्हा ताजी होती. तिने पंख्याकडे पाहिलं आणि मग घरमालकाला विचारलं, “पाणी किती दिवसांनी येतं?”

रात्री सगळे झोपल्यावर मी तो सीझन पहिल्या भागापासून बघितला. माझंच नेटफ्लिक्स, भाच्याला पासवर्ड दिलेला. पाच भाग म्हणजे रात्र गेलीच. पहाटे अडीचला पावसाने एकदाचं मनावर घेतलं आणि पत्र्यावर असा काही वाजायला लागला की शेवटचे संवाद मी खालच्या अक्षरांवर वाचले.

संथ आहे, हे खरं. पण तो संथपणा मला ओळखीचा होता. ‘फॅक्टरी’ हे नाव थट्टेने दिलेलं असलं तरी कोट्यात खरोखरचे कारखाने होते. जे. के. सिंथेटिक्समध्ये इंजिनीअर असलेल्या व्ही. के. बन्सल यांनी स्नायूंच्या आजाराने चालणं अवघड झाल्यावर घरी शिकवण्या सुरू केल्या, तिथून त्या गावाचा क्लासचा धंदा वाढला. कारखाना १९९७ ला बंद पडला आणि त्याच गावात दुसरा उघडला. कारखान्यात संथपणाच असतो. भोंगा होतो, पाळी बदलते. मालिकेवाल्यांना तिसऱ्या वेळी हे सापडलंय, की या गावात रोज घडत काहीच नाही, आणि माणसं त्यानेच थकतात. जीतू भैया ‘सर’ का नाही आणि ‘भैया’ का, याची किंमत आता त्याला चुकवावी लागतेय. सर असता तर तास संपल्यावर घरी गेला असता. भैया घरी जाऊ शकत नाही. तिलोत्तमा शोमने केलेली केमिस्ट्रीची पूजा दीदी मला जास्त आवडली. ती पोरांवर प्रेम करते पण त्यांच्यात विरघळून जात नाही. माझ्या वेळी अशी एखादी बाई असती तर, असं वाटून गेलं, आणि मग आठवलं की होत्या एक, बॉटनीच्या, आम्ही त्यांना ‘कोरडी भाकर’ म्हणायचो.

एका गोष्टीवर मात्र माझं भांडण आहे. जिंकण्याची तयारी नव्हे, तयारी हेच जिंकणं, अशा अर्थाचं एक वाक्य त्यांनी जाहिरातीतही खूप वाजवलं. ऐकायला गोड आहे, रिक्षाच्या मागे लिहायला तर उत्तमच. पण ज्याने तयारी दोनदा केली त्याला विचारा. तयारी म्हणजे ढेकूण, आम्लपित्त, मानेला आलेली गाठ आणि घरी फोनवर “चांगलं चाललंय” हे दोन शब्द. माझा दुसऱ्यांदाही नंबर लागला नाही. मी फार्मसी केली, पोट चाललंय, बायको म्हणते त्याप्रमाणे डॉक्टरांपेक्षा डॉक्टरांना जास्त मीच भेटतो. पण त्या दोन वर्षांना मी जिंकणं म्हणणार नाही. हरणंही म्हणणार नाही. ती झाली, एवढंच.

आणि एक गंमत डोळ्यांत भरते ती वयाची. २०१९ ला जो मुलगा पहिला सीझन बघत अकरावीला बसला, तो २०२४ पर्यंत इंजिनीअर होण्याच्या बेतात आला. वैभव अजून परीक्षेलाच चाललाय. नटाच्या जबड्याला बाप्यासारखी रेष आलीये, आवाज खाली उतरलाय, आणि पाठीवर शाळकरी सॅक. लोक यावर हसतात. मला हसू आलं नाही. दुसऱ्या वर्षी माझीही दाढी दाट झाली होती, आणि नवी पोरं मला जिन्यात ‘काका, साईड’ म्हणायची.

निकालाच्या भागात एका मित्राचा लागतो आणि एकाचा नाही. ते बघताना माझा हात आपोआप पडद्यावर गेला, पुढे सरकवायला. भाच्याने त्याच जागी जायला पुढे सरकवलं होतं.

सोमवारी सकाळी ताई त्याचा डबा भरत होती. बेसनाचे लाडू, शेंगदाण्याची चटणी, चिवडा. भाचा बुटाची लेस बांधता बांधता म्हणाला, “आई, चिवडा जास्तीचा टाक. पार्टनरला लागतो.” ताई म्हणाली, “तो निकालानंतर गावाकडं गेला होता ना?” “आला परत. सहाशेच्या वर आहेत, तरी गव्हर्नमेंट नाही बसायला. रिपीट करायलाय.” ताईने काही विचारलं नाही. पिशवी परत उघडली, अर्धी भरलेली ती गच्च भरली आणि रबर दोनदा गुंडाळलं.

मी त्याला दाजींच्या गाडीवर बसस्थानकावर सोडलं. रात्रीच्या पावसाने आवारात तळी साचली होती. लातूरची गाडी अजून यायची होती. तो मोबाईल बघत म्हणाला, “मामा, रात्री सगळं बघितलं ना तुम्ही? दिसायलंय, पाचही पूर्ण झालेत.” मी म्हटलं, “बघितलं.” तो जरा गप्प राहिला. मग चपलेने… नाही, बुटाने पाण्यातला खडा हलवत म्हणाला, “मला काय बघायचं नव्हतं. पार्टनर म्हणला, तू आधी शेवट बघून सांग. वैभवचा लागत असेल तरच मी बघतो म्हणला.”

मी विचारलं, “मग? काय सांगणार?”

“बघू. सांगतो, घरी रेंजच नव्हती.”

तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, लातूर लागली, लातूर लागली, आणि सगळं स्थानक एका बाजूला कललं. भाच्याने गर्दीतून पुढे जाऊन खिडकीतून आधी चिवड्याची पिशवी आत टाकली, मग दफ्तर, अशा दोन जागा धरल्या, आणि चढून गेल्यावर एक जागा एका म्हाताऱ्या बाईंना दिली. गाडीने आचके देत मागे यायला सुरुवात केली तेव्हा त्याने काच सरकवून विचारलं, “मामा, मधल्या चार भागांत काय आहे पण?”

मी म्हणालो, “अभ्यास करतात.”

तो हसला आणि काच लावून घेतली, पाणी उडत होतं म्हणून.